नेजकरांनी डीजे घेतला

वर्धमान नेजकरांनी उभ्या आयुष्यात फाईल केल्याशिवाय एकही वस्तू विकत घेतली नव्हती. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळलेला माणूस. मिक्सर घ्यायचा तर तीन दुकानांची दरपत्रकं मागवणार. लेकीला, म्हणजे प्राचीला, स्थळं बघायला लागले तेव्हासुद्धा फाईलच्या कव्हरवर ‘विषय’ लिहिलेला होता. त्यामुळं निवृत्तीच्या तिसऱ्या वर्षी, राजारामपुरीतल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसून त्यांनी कोऱ्या फाईलवर ‘विषय : घरगुती ध्वनियंत्र खरेदीबाबत’ असं लिहिलं, तेव्हा त्यात त्यांना काही गमतीचं वाटलं नाही. घरातला रेडिओ बंद झाला होता. ही काय हसण्याची बाब आहे?

बंद म्हणजे बिघडला नव्हता. लावला जात नव्हता. त्यांच्या पत्नी त्रिशलाबाई सकाळी उठल्या की आधी रेडिओ लावणार, मग गॅस. फोडणी तडतडली की त्या आवाज थोडा वाढवायच्या आणि गाणाऱ्या बाईंच्या बरोबरीनं स्वतः गायच्या. गळा चांगला. मंदिरातल्या महिला मंडळात पद सुरू करायचा मान त्यांचाच. गेल्या वर्षी त्यांनी रेडिओचा आवाज वाढवत वाढवत असा नेला की अपार्टमेंटचे सेक्रेटरी आण्णा खोत दोनदा येऊन गेले. आणि दिवाळीनंतर एक दिवस रेडिओवर त्यांनी विणलेला रुमाल टाकला तो टाकलाच.

“का गं, रेडिओ लावत न्हाईस?” नेजकरांनी विचारलं.

त्या भाकरी थापत राहिल्या. नेजकरांनी वर्तमानपत्र खाली करून पुन्हा विचारलं.

“खरखरतोय मेला,” त्रिशलाबाई म्हणाल्या. “गोडी न्हाय ऱ्हायली आवाजात.”

त्याच सुमारास त्यांनी महिला मंडळात जाणंही सोडलं. मंदिराच्या पायऱ्या चढताना गुडघे दुखतात, म्हणाल्या. पुण्याहून प्राचीचा फोन आला की तो नेजकरांच्या हातात द्यायच्या. “तिला म्हणावं मेसेज कर. लिहिलेलं परत परत वाचता येतंय.” नेजकरांना हे पटलं. लेखी असलेलं त्यांना नेहमीच पटायचं.

तर रेडिओ. पहिल्या मजल्यावर अल्ताफ मणेर राहायचा. उद्यमनगरात त्याचं पंपाच्या जळक्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं दुकान, पण अपार्टमेंटमधल्या इस्त्रीपासून गिझरपर्यंत सगळ्यांचा डॉक्टर तोच. त्यानं रेडिओ उघडला, फुंकर मारली, परत बंद केला.

“काका, रेडिओ ठणठणीत हाय की!”

“तिला खरखर ऐकू येते.”

“मला न्हाय येत. तुम्हाला येतीया का?”

“आपला कान वेगळा, अल्ताफ. तिचा कान गाणाऱ्याचा हाय. आपल्याला जे ऐकू येत न्हाय ते तिला येतं.”

हे वाक्य नेजकर पुढं आयुष्यभर विसरणार नव्हते. त्या दिवशी मात्र ते स्वतःवरच खूश झाले आणि त्यांनी फाईलवर शेरा मारला : ‘तज्ज्ञाचा अहवाल अमान्य.’

नवा रेडिओ आणला. त्रिशलाबाईंनी जरा वेळ माणसाच्या तोंडाकडं बघावं तसं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “ह्योबी तसलाच.” प्राचीनं पुण्याहून मुठीएवढा स्पीकर पाठवला. “डबड्यातनं आल्यागत वाटतंय,” म्हणाल्या. नेजकर इरेला पेटले. येत्या महिन्यात लग्नाला पस्तीस वर्षं होत होती. पस्तीस वर्षांत त्यांनी बायकोला पैंजण, पातळं, प्रेशर कुकर असं सगळं दिलं होतं, पण ‘हे तुझ्यासाठी’ असं तोंडानं म्हणून काही दिलं नव्हतं. आता द्यायचं. आणि असं द्यायचं की त्यात खरखर काढायला जागाच राहू नये.

“मग मोठंच घ्या,” अल्ताफ म्हणाला. “चाकाचा डीजे मिळतोय आता. ब्याग ओढत न्ह्यावी तसा न्ह्यायचा. बॅटरीवर दिवसभर वाजतोय.”

आता हे काही नेजकरांचं कुळ नव्हे. डीजे म्हटलं की त्यांना मिरवणुकीतली भिंत आठवायची आणि छातीत धडधडायचं. म्हणून त्यांनी रीतसर मतं मागवली. मतं देण्यात कोल्हापूर कधी कमी पडलेलं नाही. आण्णा खोतांनी डेसिबलवर पाऊण तास घेतला. चुलतभाऊ जिनेश मंदिराच्या पायरीवर म्हणाला, “एवढ्या आवाजानं हवेतले सूक्ष्म जीव मरत असणार. त्याचं पाप वाजवणाऱ्याला का ऐकणाऱ्याला, हे महाराजांना विचारून सांगतो.” प्राचीनं मेसेज केला, ‘बाबा, वेडे झालात का? आईला विचारलंत का?’ आईला विचारलेलं नव्हतं. आश्चर्याचा धक्का द्यायचा तर विचारून कसं चालेल?

दुकानात ते प्रश्नांची यादी घेऊन गेले. दुकानदारानं एक काळा, कमरेएवढा डबा पुढं ओढला. त्याला मूठ, चाकं, दोन माईक आणि पोटात गरगर फिरणारे निळे-तांबडे दिवे. त्यानं तो सुरू केला, तेव्हा नेजकरांचा चष्मा नाकावरून आपोआप अर्धा इंच खाली आला.

“यावर बातम्या ऐकायला येतात का?” नेजकरांनी पहिला प्रश्न वाचला.

“येतात की काका. पण बातम्या देणारा घाबरंल.”

“भावगीत?”

“लावा की! शब्द न् शब्द हाडात शिरतोय.”

शब्द न् शब्द. नेजकरांना तेवढंच पाहिजे होतं. किमतीत एक बरी जुनी स्कूटर आली असती. घेण्यासारखा आहे का, या प्रश्नापुढं त्यांनी फाईलमध्ये दोन आठवडे जागा कोरी ठेवली होती. त्या दुपारी त्यांनी तिथं ‘होय’ लिहिलं आणि खाली सही करून तारीख घातली.

डीजे रिक्षातून आला आणि लिफ्टपाशी अडला. “लिफ्ट माणसांसाठी हाय,” आण्णा खोत म्हणाले. “ही वस्तू. वस्तूला जिना.”

“आण्णा, तुमची गव्हाची पोती?”

“ती अन्नात येतात.”

मग नेजकर आणि अल्ताफ यांनी तो डबा तीन मजले वर नेला. दुसऱ्या मजल्यावर तो हातातून सुटला, त्याच्या पोटातले दिवे लागले, आणि एक बाई इंग्रजीत ‘जोडणीला तयार आहे’ असं तीन-तीनदा सांगायला लागली. नेजकरांनी तिला हळू आवाजात गप्प बसायची विनंती केली. त्रिशलाबाई घरातच होत्या, दुपारची झोप घेत होत्या. सामान त्यांच्या उशाजवळून दाणदाण नेऊन आतल्या खोलीत चादरीखाली ठेवलं तरी त्यांना जाग आली नाही. आपण किती सफाईनं काम केलं, असं नेजकरांना वाटलं.

बेत असा होता की लग्नाच्या वाढदिवसाला संध्याकाळी गच्चीवर दहा-बारा माणसं बोलवायची आणि त्रिशलाबाईंचं आवडतं भावगीत लावायचं. तेच, ज्याच्या दुसऱ्या कडव्यात त्यांचा गळा नेहमी वर जायचा. आण्णांनी सांगितलं, गच्चीवर वाजवायचं तर परवानगी आणा. नेजकर खुशीनं पोलीस ठाण्यात गेले. अर्ज हा त्यांचा प्रांत होता.

“मंडळाचं नाव?” हवालदारांनी विचारलं.

“मंडळ न्हाय. बायको हाय.”

“कार्यक्रमाचा प्रकार? धार्मिक, सामाजिक, राजकीय?”

नेजकरांनी विचार केला. पस्तीस वर्षांच्या संसारात तिन्ही होतं. “इतर,” ते म्हणाले.

“अध्यक्ष?”

“तीच.”

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. भला माणूस होता. “काका,” तो म्हणाला, “घरातल्या घरात लावा की. वैनीस्नी एकटीला ऐकवायचंय न्हवं? त्याला कशाला परवानगी?”

नेजकर गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत हे वाक्य घोळवत आले. खरंच, एकटीलाच तर ऐकवायचं होतं.

वाढदिवस रविवारी आला. सकाळी त्रिशलाबाई स्वयंपाकघरात दाराकडं पाठ करून मेथी निवडत बसल्या होत्या. कामाला येणारी तानाबाई मोरीत भांडी घासून रॅकवर लावत होती. नेजकरांनी धुतलेला सदरा घातला, चादरीखालचा डबा हॉलमध्ये आणला, त्याचं तोंड स्वयंपाकघराकडं केलं, मोबाईल जोडला आणि गाणं लावलं.

आवाजाचं बटण आदल्या मालकानं, म्हणजे दुकानदारानं, शेवटापर्यंत फिरवलेलं होतं.

पहिल्या सुरालाच खिडकीच्या काचा थरथरल्या. समोरच्या छज्ज्यावरची कबुतरं एकदम उडाली. खाली कुणाची तरी मोटार भोंगा वाजवत बसली. नेजकरांनी दिसेल ते बटण दाबलं, तर दिवे गरगरायला लागले. मग त्यांनी वायर उपटली, पण डबा बॅटरीवर होता, त्याला वायरीचं काही सोयरसुतक नव्हतं. दार वाजायला लागलं असणार, पण ते ऐकू येणं शक्य नव्हतं. तानाबाईनं कान दाबून दार उघडलं, तेव्हा बाहेर आण्णा खोत अर्ध्या दाढीला साबण लावलेले, अल्ताफ, त्याची बायको नजीरा आणि समोरच्या फ्लॅटमधली सगळी माणसं उभी होती.

आणि आत त्रिशलाबाई मेथी निवडत होत्या.

पाठमोऱ्या. कोवळी पानं ताटात, दांड्या सुपात. हात अजिबात न थांबता. त्यांचं आवडतं गाणं सगळ्या गल्लीला ऐकू जात होतं आणि त्यांची मान हललीसुद्धा नव्हती.

मग रॅकवरचा एक स्टीलचा डबा हादरत हादरत कडेला आला आणि त्यांच्या पुढ्यात पडला. त्रिशलाबाईंनी वर बघितलं. ताटल्या एकमेकींवर आपटत होत्या. त्यांनी जमिनीवर तळवा टेकला, आणि त्या ताडकन उठून हॉलमध्ये धावत आल्या.

“अहो! भूकंप हाय! भांडी हालाय लागल्यात! कोयनेला हादरा बसला वाटतं, चला खाली!”

त्यांनी नेजकरांचा हात धरला. नेजकर जागचे हलले नाहीत. त्यांच्या मागं दिवे फिरत होते आणि गाणं दुसऱ्या कडव्यावर आलं होतं.

दारातली माणसं बघतच राहिली. कुणी हसलं नाही. आण्णा खोतांच्या हातात वस्तरा होता. त्यांनी तो हळूच खिशात घातला, आणि ज्या माणसानं आयुष्यात कधी नियमाबाहेर एक शब्द काढला नव्हता तो माणूस मान डोलावून मोठ्यानं म्हणाला, “व्हय वैनी, हादराच हाय! चला, चला खाली सगळी! लिफ्ट नको, जिन्यानं!”

आणि सगळी निघाली. पुढं नवऱ्याचा हात ओढत त्रिशलाबाई, मागं आण्णा, नजीरा, समोरची म्हातारी, तिची सून, कडेवर मूल. तीन मजले, एका ओळीत, त्या गाण्याच्या तालावर. वाटेत जी जी दारं उघडली त्यांना आण्णा नुसती खूण करायचे, आणि तीही माणसं चपला घालून मागनं यायची. जिन्यात तानाबाई नेजकरांच्या बाजूला आली.

“साहेब, मला दिवाळीपासनं ठाव हाय,” ती म्हणाली. “मी त्यास्नी म्होरं जाऊन बोलती. तुम्ही पेपराच्या मागनं बोलताय.”

खाली पार्किंगमध्ये चाळीस माणसं उभी राहिली. त्रिशलाबाई सगळ्यांना धीर देत होत्या, मागच्या वेळेला कसा रात्रीचा हादरा बसला होता ते सांगत होत्या. वरून गाणं येतच होतं. मग अल्ताफनं, जो मागं थांबला होता, ते बंद केलं. सगळ्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. सगळ्यांचे चेहरे एकदमच सैल झाले, आणि ते त्रिशलाबाईंनी बघितलं. वर्षभर त्या चेहऱ्यांवरच जगत होत्या.

त्यांनी एकेकाकडं बघितलं. मग नजीराकडं वळून हळूच विचारलं, “काय लागलतं?”

नजीरानं त्यांचा हात हातात घेतला. “गाणं, काकू.”

“कुठलं?”

नजीरानं सांगितलं. एकेक शब्द ओठांवर नीट ठेवून सांगितलं.

त्रिशलाबाईंनी पदर सारखा केला. “बरं,” म्हणाल्या. मग सगळ्यांकडं बघून, “चहाला या की वर कुणीतरी. मेथी तशीच पडलीया.” आणि जिना चढायला लागल्या. गुडघे अजिबात दुखत नसल्यासारख्या.

वर गेल्यावर नेजकर बराच वेळ डीजेशेजारी खुर्चीवर बसून राहिले. त्रिशलाबाईंनी मेथी पुरी निवडली, धुतली, चाळणीत निथळत ठेवली आणि त्या समोर येऊन बसल्या.

“सांगितलं का न्हाईस?” नेजकरांनी विचारलं.

“सासूबाई शेवटची सहा वर्षं बहिऱ्या होत्या,” त्रिशलाबाई म्हणाल्या. “तुम्ही हापिसातल्या माणसांना घरी आणायचा आणि सांगायचा, आमच्या घरात पाच भिंती हायत. चार विटांच्या, पाचवी आई. सगळी हसायची. सगळी हसली की त्याबी हसायच्या. कशाला हसतोय ते त्यांना ठाव नसायचं. मी चहाचा ट्रे धरून उभी असायची, मी बघितलंय.” त्या थांबल्या. “मला सहावी भिंत व्हायचं न्हवतं.”

नेजकरांना ते वाक्य आठवलं. त्यावर चांगला हशा पिकायचा. निरोप समारंभातसुद्धा त्यांनी ते टाकलं होतं. त्यांनी मान खाली घातली आणि पस्तीस वर्षांत जो माफीचा शब्द कधी काढला नव्हता तो काढला. दोन वाक्यं बोलले. बोलताना आवाज फाटला, पण बोलले. मग वाट बघत बसले.

“खाली बघून बोलला तर मला काय कळणार?” त्रिशलाबाई म्हणाल्या.

म्हणजे परत म्हणायचं होतं. मान वर करून, तिच्या डोळ्यांत बघत, ओठ नीट हलवत, सावकाश. एवढं अवघड काम बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या टेबलावर आलं नव्हतं. चष्मा ओला झाला होता. त्यांनी तो काढला आणि परत म्हटलं. त्रिशलाबाई त्यांच्या ओठांकडं बघत राहिल्या. ऐकून झाल्यावर, म्हणजे बघून झाल्यावर, त्या एवढंच म्हणाल्या, “सासूबाईंनाबी म्हणायला पाहिजे हुतं.”

पुढच्या आठवड्यात दोघं कानाच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी त्रिशलाबाईंना काचेच्या खोलीत बसवलं आणि नेजकरांना एक आलेख दाखवला. त्यातली रेघ घाटात उतरावी तशी खाली जात होती. नसा गेल्यात, डॉक्टर म्हणाले. यंत्र लावून समोरच्याचं बोलणं थोडंफार कळेल. गाण्याचं सांगता येत नाही.

यंत्र लावल्यावर नेजकरांनी पहिल्यांदा विचारलं, “येतंय का?” त्रिशलाबाई चमकल्या. “तुमचा आवाज असा हाय व्हय?” त्या म्हणाल्या. “म्हातारा झाला की.” गाणं मात्र त्यांनी अर्धं कडवंसुद्धा ऐकलं नाही. पत्र्यावरून खिळा ओढल्यागत वाटतंय, म्हणाल्या, आणि यंत्र काढून डबीत ठेवलं. नेजकर मंदिरात, दुकानात, फोनवर सगळ्यांना सांगत राहिले, की सर्दीनं जरा कान बसलाय, होईल बरा.

डीजे दुकानदार परत घेईना. अल्ताफनं गिऱ्हाईक बघितलं, गारगोटीचा विश्वजित. लेझीम शिकवणारा, चाळिशीचा गडी, बरोबर टेम्पो घेऊनच आला. त्यानं डबा चारी बाजूंनी बघितला.

“काका, खरं सांगा. घेण्यासारखा हाय का? मग इकताय कशाला?”

“आवाजात काही दोष न्हाय,” नेजकर म्हणाले. “आमच्या मंडळींचा कान... जरा सर्दीनं...”

त्रिशलाबाई चहा घेऊन आल्या होत्या. विश्वजित वाकून चाकं तपासत होता. तो खाली बघूनच म्हणाला, “काकू, तुम्ही सांगा. वाजतोय न्हवं चांगला?”

“पावणं,” त्रिशलाबाई म्हणाल्या, “माझ्याकडं तोंड करून बोला. मला ऐकाय येत न्हाय.”

इतक्या सरळ, जशी काय साखर संपल्याचं सांगावं. नेजकरांनी सर्दीचं वाक्य तिथंच सोडून दिलं. विश्वजित उठला, त्यांच्या समोर आला, आणि त्यानं परत विचारलं.

“वाजतोय,” त्रिशलाबाई म्हणाल्या. “आख्खी गल्ली सांगंल. पर पोरास्नी त्याच्या तोंडापुढं उभी करू नगा. कान गेला की परत येत न्हाय.”

विश्वजितनं मान हलवली. डबा लिफ्टनं खाली गेला. आण्णांनी दार धरलं.

टेम्पो निघाला तेव्हा दोघं खिडकीत उभे होते. गारगोटीच्या माणसांना दम कुठला? त्यांनी टेम्पोतच डीजे सुरू केला.

“लावलाय व्हय?” त्रिशलाबाईंनी दिवे बघून विचारलं.

नेजकर त्यांच्याकडं वळले. “लावलाय.”

“काय लावलंय?”

“लेझीमचं काहीतरी. हलगी वाजतीया.”

टेम्पो गल्लीच्या तोंडाशी वळला आणि दिसेनासा झाला.

“अजून येतोय आवाज?”

“येतोय.”

“संपला की सांगा,” त्या म्हणाल्या आणि खिडकीच्या गजाला धरून थांबल्या.

नेजकर बाहेर कान देऊन उभे राहिले. हलगी बारीक होत गेली. मध्ये एक बस गेली, तिच्या मागून परत थोडी आली. मग एका रिक्षानं हॉर्न दिला, आणि त्यानंतर काही नव्हतं. त्यांनी आणखी जरा वाट बघितली, खात्री केली. मग त्रिशलाबाईंच्या खांद्याला हात लावला, त्या वळेपर्यंत थांबले आणि म्हणाले, “गेला.”